चवदार तळ्याचं भाषण

जोडून सुट्टी आली की हिंजवडीतली अर्धी जनता महाबळेश्वरला पळते आणि आमच्यासारखे कोकणातले गपचूप घरी जातात. तर परवा देवरूखला जाऊन आलो. ताम्हिणीतून माणगाव, मग महाड, पोलादपूर, चिपळूण, संगमेश्वर आणि तिथून डावीकडे वळलं की घर. हायवेबद्दल काही बोलत नाही, विषय भरकटेल.

चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच पुतणी लॅपटॉप घेऊन हजर. एफवायला आहे. इंग्रजीच्या पेपरासाठी तिला नागरी हक्कांच्या चळवळीतलं एखादं भाषण निवडून त्यातल्या वक्तृत्वावर, अलंकारांवर वर्गात दहा मिनिटं बोलायचं होतं. तिने अर्थातच मार्टिन ल्यूथर किंग निवडला होता. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, लिंकनचं स्मारक. स्लाइड्स तयार होत्या. मेटाफर इतके, अनाफोरा इतके, बायबलचे उल्लेख इतके. कुठलं वाक्य किती वेळा आलंय त्याचासुद्धा तक्ता. आमच्याकडे रिलीजच्या आधी टेस्टिंगवाले रिपोर्ट पाठवतात ना, अगदी तसं. सगळे आकडे हिरवे, आणि प्रॉडक्ट काय करतं ते कोणालाच माहीत नाही.

"ह्यातलं तुला स्वतःला काय आवडलं?" मी विचारलं.

"चेक," ती म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

आता हे बरोबर आहे. त्या भाषणातलं स्वप्न सगळ्यांना पाठ असतं, पण मला विचाराल तर खरी करामत स्वप्नाच्या आधी होऊन गेलेली असते. किंग म्हणतो की अमेरिकेने आपल्या घटनेतून आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातून प्रत्येक नागरिकाला एक वचनचिठ्ठी लिहून दिली होती. काळ्या लोकांनी तो चेक वटवायला नेला, तर खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. ह्या एका उपमेने समोरच्याची सगळी गोची होते. कारण उपकार मागणाऱ्याला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता येतं, पण चेक घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणता येत. तो मागतोय ते त्याचंच आहे.

एवढ्यात बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "महाडला चहाला थांबला असशील ना? तिथलं भाषण काय वाईट आहे?"

झालं. दोन दिवसांची सोय झाली.

महाड आमच्या जिल्ह्यात नाही. तेव्हा ते कुलाबा जिल्ह्यात होतं, आता रायगडमध्ये. पण बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे हे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं, आणि महाडला जमलेल्यांत रत्नागिरीकडची माणसंही होती. गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत संपते. १९२३ साली सी. के. बोले यांच्या (काही ठिकाणी नाव एस. के. असं येतं, म्हणजे सीताराम केशव) ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार, पाणी मात्र जिथल्या तिथे. २० मार्च १९२७ ला परिषदेतले लोक बाबासाहेबांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे देवळात शिरणार, आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ले झाले. पुढे तळ्याचं शुद्धीकरण. १०८ घागरी, पंचगव्य, मंत्र. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणून डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, आणि २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी जे भाषण केलं, ते बाबा म्हणत होते. त्याच रात्री तिथे मनुस्मृती जाळली गेली, त्यामुळे भाषण जरा त्या ज्वाळांच्या मागे पडलं असं मला वाटतं.

पुतणीने नेटवर शोधलं. आधी इंग्रजी भाषांतर मिळालं, मग मराठी. रात्री जेवणं झाल्यावर पडवीत बसून मोठ्याने वाचलं. आणि सुरुवातीलाच आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो, कारण बाबासाहेब चक्क महाडच्या स्पृश्यांची स्तुती करत होते!

ते म्हणतात, इथले स्पृश्य लोक फार समंजस आहेत. तळं सार्वजनिक आहे, त्याचं पाणी ते स्वतः तर भरतातच, पण परधर्माच्या लोकांनाही भरू देतात. मुसलमान भरतात, त्याला कोणाची हरकत नाही. एवढंच कशाला, जनावरं, पाखरं ह्यांनाही आडकाठी नाही. आणि पुढे? अस्पृश्यांनी पाळलेली गुरंसुद्धा तिथे पाणी पितात, त्यांनाही कोणी हाकलत नाही. मग स्तुतीला आणखी रंग चढतो. ही मंडळी म्हणजे दयेचा सागर. कावळ्याला घास घालतात, बैराग्या-गोसाव्यांना पोसतात, गरीब गाईला जपतात ते जपतातच, पण डसणाऱ्या सापालाही मारत नाहीत. सगळ्या जीवांत एकच आत्मा आहे असं मानणारे हे लोक. आणि असे हे लोक आपल्याच धर्माच्या काही माणसांना मात्र ह्या तळ्यावर येऊ देत नाहीत. आम्हालाच का?

शाळेत व्याजस्तुती नावाचा अलंकार होता, आठवतोय? बाहेरून स्तुती, आतून निंदा. परीक्षेला एक मार्काला यायचा आणि आम्ही पाठ केलेलं एकच उदाहरण टाकून मोकळे व्हायचो. इथे तो पानभर चालतो आणि एकदाही आवाज चढत नाही. शिवी नाही, शाप नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना नऊ महिन्यांपूर्वी ह्याच गावात मारहाण झालेली, हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झालेली, आणि हा माणूस शांतपणे म्हणतोय की फार भले लोक हो.

पण नुसता उपरोध असता तर मी एवढा अडकलो नसतो. माझ्यातल्या इंजिनिअरला त्यात दुसरंच काहीतरी दिसलं. एखादा बग सापडत नसेल तर आपण काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. बाबासाहेब नेमकं तेच करतायत. धर्म वेगळा म्हणून अडवतात का? नाही, मुसलमान भरतात. माणूस नाही म्हणून? जनावरं पितात. मग अस्पृश्याच्या घरचं, त्याच्या गोठ्यातलं, त्याने रोज हात लावलेलं असं काही चालत नाही का? तर त्याची म्हैस चालते! एकेक शक्यता खोडत खोडत शेवटी एकच उरते. म्हशीला पाणी पाजल्याने ती आपल्या बरोबरीची आहे असं कबूल करावं लागत नाही. माणसाला पाजलं तर करावं लागतं. म्हणून पुढे ते सांगतात की स्पर्शाने पाणी बाटेल किंवा त्याची वाफ होऊन उडून जाईल अशी भीती ह्यामागे नाहीच. शास्त्रांनी हलके ठरवलेले लोक आपल्याइतकेच आहेत, ही कबुली द्यायची नाही, एवढंच. तोपर्यंत पाण्याचा वाटणारा प्रश्न इथे पाण्याचा राहत नाही. अलंकार म्हणजे वर लावलेली नक्षी असं मला शाळेने शिकवलं होतं. इथे अलंकारच आर्ग्युमेंट आहे, काढून घेतला तर खाली काही उरत नाही.

मी हे सगळं रंगात येऊन पुतणीला सांगत होतो. बाबा ऐकत होते. मधेच म्हणाले, "आपल्या विहिरीला डोण आहे."

डोण म्हणजे, पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी, विहिरीशेजारची दगडी कुंडी. गुरांना पाणी प्यायला. आमच्या परसातली आता रिकामीच असते, आई तिच्यात कधीतरी गोधड्या भिजत घालते.

"खालच्या वाडीतली गुरं चरून परत जाताना आपल्याच डोणीवर पाणी प्यायची. सगळ्यांचीच प्यायची. आणि वाडीतल्या बाया कळशी खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या. आजी रहाटाने पाणी काढून वरून ओतायची, कळशीला पोहरा लागू न देता. कधीकधी तासभर उभ्या असायच्या, आजीला सवड होईपर्यंत."

"कधी?" पुतणीने विचारलं.

"मी आठ-नऊ वर्षांचा असेन."

बाबांचा जन्म १९४६ चा. म्हणजे १९५४-५५. घटना लागू होऊन, तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवून, चार-पाच वर्षं झाली होती. चेक लिहून झाला होता म्हणायचा.

"आजी वाईट नव्हती हो," बाबा म्हणाले. "कधी कोणाला नाही म्हटलं नाही तिने. आम्ही त्यांना पाणी घालायचो."

कोणी काही बोललं नाही. मला स्वतःला त्या वाक्यातलं 'घालायचो' टोचलं. कावळ्याला घास घालतात, गुरांना चारा घालतात.. असो.

सकाळी पुतणीने जाहीर केलं की किंग रद्द, महाड फायनल, आणि डोणीचा फोटो स्लाइडवर टाकणार. ह्यावर दादाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, बिनसलं. भाषणावर बोल, अलंकारांवर बोल, घरचं कशाला वेशीवर टांगायचं? ह्याच गावात राहायचंय आम्हाला, तुझ्या काकासारखं रविवारी रात्री गाडीत बसून पुण्याला नाही जायचं. (हा टोला बरोबर बसला.) वहिनी म्हणाली, सत्तर वर्षांपूर्वीचं ते, आता कोण बघतंय असलं? पुतणी म्हणाली, माझ्या वर्गातली शेजारची मुलगी बघते. त्या खालच्या वाडीतलीच आहे ती. आदल्या रात्री हिने तिला उत्साहाने मेसेज केला होता की किती भारी भाषण सापडलंय बघ. तिचं उत्तर आलं होतं, "तुला आत्ता सापडलं? आमच्याकडे दर डिसेंबरला वाचतात."

हा वाद मी सोडवला नाही, सोडवणं माझ्या हातात नव्हतंही. माझं मत विचाराल तर फोटो टाकावा. पण दादाचं म्हणणं मला नुसतं भित्रेपणाचं वाटत नाही. घरातली आजी स्लाइडवर गेली की लोक तिचीच चर्चा करतात, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापली विहीर विसरायची आयती सोय होते. पुतणीला मी एवढंच म्हटलं की फोटोखाली काहीही लिहू नकोस. बाबासाहेबांनी म्हशीचं उदाहरण दिलं तेव्हा तात्पर्य सांगितलं नव्हतं.

आता भाषणातल्या त्या प्रसिद्ध जागेकडे येतो. ते लोकांना सांगतात की तुम्हाला इथे निव्वळ पाणी प्यायला बोलावलेलं नाही. हे पाणी प्यायल्याने काही अमर होणार नाही आणि इतके दिवस प्यायलो नव्हतो म्हणून मेलोही नव्हतो. तळ्यावर जायचं ते इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला.

हे आम्ही इंग्रजीत वाचलं तेव्हा चांगलं वाटलं. मराठीत वाचल्यावर मात्र पुतणीच म्हणाली, "काका, इंग्रजीत सगळीकडे 'वी' आहे. इथे तीन वेगवेगळे शब्द आहेत!"

खरंच होते. अमर होणं, न मरणं ह्या वाक्यांत 'तुम्ही आम्ही' आहे. माणसं आहोत हे म्हणताना 'आम्हीही'. आणि तळ्यावर जाण्याच्या वेळी 'आपणाला'. आपल्याला जन्मापासून सवय असल्याने ह्यातला फरक जाणवतच नाही. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा सोडून बाकीचे, 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे. आता बघा. 'तुम्ही आम्ही' म्हणताना वक्ता मंडपातल्या माणसांच्या शेजारी येऊन बसलाय. कोलंबियात आणि लंडनला शिकून आलेला बॅरिस्टर आणि पायी चालत आलेला शेतमजूर, दोघंही ह्या पाण्यावाचून मेले नाहीत. 'आम्हीही माणसं' म्हणताना त्याचं तोंड मंडपाच्या बाहेर आहे, गावाकडे. तो 'ही' त्यांना ऐकवलेला आहे. आणि मग लगेच मान वळवून आपल्या लोकांना, चला, 'आपणाला' जायचंय. एका दमात तीन दिशांना बोललेलं वाक्य आहे हे, आणि भाषांतरात तिन्ही दिशा एका शब्दात गडप होतात. त्यात भाषांतरकाराची चूक नाही, त्याच्याकडे शब्दच एक आहे.

पुतणी मग जरा गप्प झाली आणि म्हणाली, "आजोबा काल 'आम्ही' म्हणाले होते ना. आम्ही त्यांना पाणी घालायचो."

मी विषय बदलला नाही, पण पुढेही नेला नाही.

त्यानंतर भाषणात फ्रान्स येतं. १७८९ ची तिथली राष्ट्रीय सभा आणि महाडचा हा मंडप, दोन्ही एकाच जातीच्या घटना आहेत असं ते म्हणतात. हा भाग लांब आहे आणि वर्गात दहा मिनिटांत बसणार नाही, पण कल्पना करा, गावातल्या कोणी जागा दिली नाही म्हणून फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर घातलेला मंडप, आणि वक्ता सांगतोय की ह्या सभेला तोड शोधायची तर व्हर्सायला जावं लागेल. अतिशयोक्ती? तेव्हा ऐकणाऱ्या कुठल्याही वर्तमानपत्रवाल्याला ती तशीच वाटली असती.

मला जास्त आवडते ती खिळ्यांची प्रतिमा. जातींमध्ये विभागलेल्या हिंदू समाजाचा सांगाडा काही खिळ्यांवर उभा आहे, बेटीबंदीपासून भेटीबंदीपर्यंतच्या. ते उपटून काढायचे, म्हणजे सगळा समाज एकजिनसी होईल. नुसती पाण्याची आणि भेटीची बंदी उठली की आपलं काम झालं असं मानू नका, हे ते आपल्याच लोकांना बजावतात. सात वर्षं आधी, ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात त्यांनी ह्याच समाजाला शिडी नसलेला मनोरा म्हटलं होतं, ज्या मजल्यावर जन्मलात तिथेच मरायचं. मनोऱ्यात माणूस अडकतो, त्याला करण्यासारखं काही नाही. खिळे म्हटलं की हातात हत्यार येतं. सात वर्षांत प्रतिमा बदलली, कारण मधे चळवळ उभी राहिली होती. हे माझं मत, चूभूदेघे.

पण मला एक शंका होती. खिळे काढले तर सांगाडा कोसळणारच की! मग एकजिनसी समाज होणार कुठून? हे मी बाबांना म्हटलं तर ते हसले. म्हणाले, "तू कधी कौलं उतरवताना बघितलं आहेस का नीट? सुतार आधी अंबुराने एकेक खिळा हळू ओढून काढतो, रीप चिरू न देता. लाकूड फोडायचं असतं तर खिळे कशाला काढील, कुऱ्हाडच घालील. खिळे काढतात ते तेच लाकूड परत वापरायचं असतं म्हणून."

एवढं बोलून ते विहिरीवर मोटर लावायला गेले. एमई करताना दोन वर्षं मला कोणी इतकं छान काही समजावून सांगितलं नव्हतं.

शेवट तर आणखी मजेशीर आहे. फ्रान्समधल्या रक्तपाताबद्दल त्या सभेला दोष देणारे एक विसरतात, की वरच्या वर्गाने दगाबाजी केली नसती तर हिंसेची वेळ आली नसती. म्हणून ते विरोधकांना विनंती करतात की अडवू नका, शास्त्रं बाजूला ठेवा, न्यायाने वागा, आणि मग आमचा कार्यक्रम आम्ही शांततेने पार पाडू ह्याची खात्री आम्ही देतो. वाचून बघा, ही विनंती आहे, हमी आहे आणि इशाराही आहे, आणि तिन्ही एकाच सुरात. आम्हाला कस्टमरला अशी एक ईमेल लिहिता आली तर प्रमोशन पक्कं. :)

आणि गंमत म्हणजे डिसेंबरात ते पाणी प्यायलेच नाहीत. विरोधकांनी तळं आमच्या मालकीचं आहे असा दावा लावून १४ डिसेंबरला कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आलेली, कलेक्टर मंडपात येऊन थांबा म्हणून सांगून गेलेला, आणि शेवटी बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करायला लोकांना तयार केलं. लोकांनी मिरवणूक काढली, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता परतले. नुसतं पाणीच प्यायला बोलावलं असतं तर त्या दिवशी ती माणसं हरून घरी गेली असती. 'केवळ पाण्यासाठी नाही' हे आधीच बोलून झालं होतं, आता ते पाळून दाखवायची वेळ आली. भाषण करताना त्यांच्या मनात तहकुबी होती की नव्हती हे मी सांगू शकत नाही, पण मनाई हुकूम खिशात असताना केलेलं भाषण आहे हे लक्षात ठेवून ते परत वाचा.

मग खटला. तिथे व्याजस्तुती चालत नाही, खिळे चालत नाहीत. तिथे विचारलं गेलं की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची ही रूढी अनादि काळापासून चालत आलेली आहे का, पुरावा द्या. महाडच्या कोर्टाने १९३१ साली दावा फेटाळला, मग ठाण्याला अपील, मग मुंबई हायकोर्ट. हायकोर्टाने म्हटलं की रूढी अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही. हा निकाल १७ मार्च १९३७ चा. तळ्यावर पहिल्यांदा ओंजळ भरली त्याला तेव्हा दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.